लोक खेळतील अशी कलाकृती कशी उभारावी: नाशिककरांसाठी सावल्यांच्या भिंतीचा आराखडा

येत्या रंगपंचमीला जुन्या नाशकात शनि चौकात किंवा तिवंधा चौकात गेलात, तर रंगाकडे थोडं कमी आणि माणसांकडे थोडं जास्त बघा. पेशवेकालीन रहाड, म्हणजे जमिनीतला दगडी हौद, वर्षभर लाकडं आणि मातीखाली झाकलेली असते, वरून रिक्षा-स्कूटर जात असतात. त्या दिवशी ती उघडते, रंगाचं पाणी भरतं आणि लोक धप्पा मारतात, म्हणजे आत उडी टाकतात. पण सगळे नाही मारत. गॅलऱ्या-गच्च्यांवरून बघणारे वेगळे. काठाभोवती कोंडाळं करून उभे असलेले, कपडे भिजलेले पण पाय जमिनीवर, ते वेगळे. आणि पाण्यातले वेगळे. काठावरचा माणूस आत कधी जातो? पत्रक वाचून तर नाहीच. शेजारचा मित्र आत गेला, वर येऊन खदाखदा हसला, त्याच्या उडीचं पाणी याच्या डोक्यावर आलं आणि आता कोरडं राहण्यात काही राम उरला नाही, की मग जातो.

प्रेक्षकांनी हात घालावा, अंग घालावं, खेळावं अशी कलाकृती उभारणाऱ्यानं हा काठ आधी समजून घ्यावा. कॉलेजची मुलं, गणेश मंडळं, सोसायट्या, शाळेतले चित्रकलेचे शिक्षक यांच्याकडून हल्ली ‘आम्हाला काहीतरी इंटरॲक्टिव्ह करायचंय’ हे वारंवार ऐकू येतं. मग बजेट सेन्सरवर, स्क्रीनवर जातं आणि लोक चार हात लांबून फोटो काढून निघून जातात. माझं मत ठाम आहे: कलाकृती खेळणाऱ्यासाठी आखू नका, काठावरच्या बघ्यासाठी आखा. खेळकर माणूस कुठेही खेळतो. बघ्याचा खेळाडू करणं हेच खरं काम.

याला अभ्यासाचाही आधार आहे. हॅरी ब्रिग्नल आणि इव्हॉन रॉजर्स या संशोधकांनी २००३ साली मोठ्या सार्वजनिक पडद्यांभोवती लोक कसे वागतात ते मांडलं. दुसरंच काही करत असताना अधूनमधून तिकडे नजर टाकणारे, जवळ येऊन बघणारे-बोलणारे आणि प्रत्यक्ष हात घालणारे असे थर त्यांना दिसले. एका थरातून पुढच्या थरात जाताना माणसाला अडवते ती चारचौघांत हसं होण्याची भीती. आणि आधीच जमलेली गर्दी आणखी गर्दी ओढते, हेही त्यांनी नोंदवलं. आपल्याकडे पाणीपुरीवाला हे जन्मापासून जाणतो.

खाली एक पूर्ण उदाहरण दिलं आहे: रंगीत सावल्यांची भिंत. कॉम्प्युटर लागत नाही, मांडववाल्याच्या सामानात बरंचसं होतं, आणि लोक खेळतात म्हणजे खेळतातच.

पायरी पहिली: बघ्याला उभं राहायला जागा द्या

आधी जागा, मग कल्पना. ज्यांच्याकडे पंधरा मिनिटं आहेत पण काम नाही, असे लोक कुठे असतात ते शोधा. कालिदास कलामंदिराच्या आवारात प्रयोगाआधी आणि मध्यंतरात असे शेकड्यानं सापडतात. गोदापार्कवर संध्याकाळी फिरायला आलेलेही चालतील. याउलट प्रदर्शन बघायला मुद्दाम आलेला प्रेक्षक अवघड असतो. त्याला वाटतं आपल्याला काहीतरी ‘समजलं’ पाहिजे, आणि तो हाताची घडी घालून उभा राहतो.

जागेवर जाऊन संध्याकाळी त्याच वेळी अर्धा तास नुसते थांबा. बघ्याला टेकायला कट्टा, पायरी, निदान झाडाचा पार आहे का? तिथून कलाकृती दहा-बारा पावलांवर असावी. जास्त लांब असेल तर ओढ लागत नाही, फार जवळ असेल तर बघणारा आपोआप खेळात ओढला जातो आणि घाबरून सटकतो. दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. एकच दार असलेल्या अंधाऱ्या खोलीत लोक दारातून डोकावतात आणि परत फिरतात, कारण आत गेल्यावर लगेच बाहेर पडणं त्यांना अवघड वाटतं.

घाटावर करायचं असेल तर रामकुंडाचा परिसर सोडा. तिथे कोणी दशक्रियेला आलेलं असतं, कोणी अस्थी घेऊन. तिथे आपला खेळ मांडायचा नाही, एवढं भान हवं.

पायरी दुसरी: एक कृती, एक उत्तर

देवळातल्या घंटेखाली ‘घंटा वाजवा’ अशी पाटी नसते. लोळी हाताच्या उंचीवर लोंबते, हात जातो, आवाज येतो, आणि मागे उभ्या असलेल्या पोराला कळतं की आता आपल्यालाही कडेवर उचलून घ्यायला सांगायचं. कृती एक, उत्तर एक, तेही तत्क्षणी. तुमच्या कलाकृतीची पहिली पाच सेकंदं एवढीच सोपी असली पाहिजेत.

उत्तर यायला दशांश सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला की माणसाला ते आपल्यामुळे झालं असं वाटेनासं होतं. स्वस्त सेन्सर आणि हळू प्रोजेक्टर असलेल्या बऱ्याच मांडण्या इथेच मरतात. प्रेक्षक हात हलवतो, काही होत नाही, ‘बंद आहे वाटतं’ म्हणून पुढे जातो, आणि मग पडद्यावर फुलपाखरं उडतात. सावलीला हा त्रास नाही, ती प्रकाशाच्या वेगानं उत्तर देते.

‘कृपया हात लावा’ ही पाटी मात्र नको. ज्या समाजानं आयुष्यभर ‘हात लावू नये’ वाचलं त्याला ही पाटी विनोद वाटते, नाहीतर सापळा.

पायरी तिसरी: सावल्यांची भिंत

लागेल ते असं: एकाच चिपचे दहा वॉटचे रंगीत एलईडी फ्लड लाइट दोन, एक लाल आणि एक हिरवा. पांढरं मांजरपाट, साधारण पाच मीटर रुंद आणि साडेतीन-चार मीटर उंच. बांबू, सुतळी, वाळूची दोन पोती. अंधार.

दिवा निवडताना डेकोरेटर हमखास स्टेजचे पार लाइट काढून देईल. त्यात बारीक बारीक बरेच एलईडी असतात आणि प्रत्येकाची वेगळी सावली पडून सगळा चिखल होतो. आपल्याला प्रकाशाचा उगम जितका लहान तितका चांगला. हिशोब सोपा आहे. माणूस दिवा आणि भिंत यांच्या बरोबर मध्ये उभा असेल, तर सावलीची कड जवळजवळ दिव्याच्या रुंदीइतकी पुसट होते. दोन सेंटीमीटरच्या चिपनं बोटं मोजता येतील अशी सावली पडते, वीस सेंटीमीटरच्या पॅनलनं पंजाचा गोळा दिसतो. बोटं दिसली नाहीत तर खेळ अर्धा मेला, कारण लोक सगळ्यात आधी हाताचा कुत्रा आणि हरीणच करतात.

दिवे भिंतीपासून सहा मीटरवर ठेवा, जमिनीपासून हातभर उंचीवर, दोघांमध्ये अर्धा मीटर अंतर. स्टँडवर वाळूची पोती टाका, नाहीतर पहिल्याच धावत्या पोराच्या पायात वायर येऊन सगळं आडवं होईल. दिव्यांपुढे गुडघाभर उंचीची दोरी किंवा दिव्यांहून बुटक्या कुंड्यांची रांग लावा, म्हणजे कोणी थेट दिव्यात डोळे घालणार नाही. जुने पाचशे वॉटचे हॅलोजन वापरू नका, त्यांचा चटका बसतो.

दोन्ही दिवे लागले की भिंत पिवळसर दिसते. लाल आणि हिरवा प्रकाश मिसळून पिवळा होतो, हे शाळेत रंगपेटीवर शिकलेल्या माणसाला पटत नाही, म्हणून तो दोन पावलं पुढे येतो. पुढे येताच त्याच्या दोन सावल्या पडतात. लाल दिवा अडला तिथे फक्त हिरवा प्रकाश पोचतो, म्हणून ती सावली हिरवी. दुसरी लाल. दोन्ही एकमेकींवर चढतात तिथे काळं. माणूस भिंतीकडे गेला की दोन्ही सावल्या मिळून एक काळी होते, दिव्यांकडे सरकला की त्या एकमेकींपासून सुटतात. हे कोणालाही सांगावं लागत नाही, पाय आपोआप मागेपुढे होतात. बहुतेक वेळा हिरवा दिवा लालपेक्षा उजळ पडतो आणि भिंत पोपटी दिसते. तेव्हा हिरव्यावर जिलेटिन कागदाचा एक थर चढवा किंवा तो थोडा मागे घ्या.

हौस असेल तर तिसरा निळा दिवा लावा. मग भिंत पांढुरकी होते आणि सावल्या आकाशी, राणी कलर आणि पिवळ्या. दिसायला देखणं, पण पहिल्यांदा करत असाल तर दोनच बरे. तीन दिव्यांत लोक रंगांकडे बघत राहतात, दोनात एकमेकांकडे.

आता या भिंतीचं खरं मर्म. सहा मीटरच्या या मांडणीत सव्वा मीटर उंचीचं पोरगं दिव्यांपासून दोन मीटरवर उभं राहिलं तर त्याची सावली भिंतीवर जवळजवळ तीन मीटर उंच जाते. त्याचा पावणेसहा फुटी बाप भिंतीजवळ, दिव्यांपासून पाच मीटरवर उभा असेल तर त्याची सावली जेमतेम दोन मीटरची. म्हणजे पोरगं बापाच्या जवळजवळ दीडपट. हे त्या पोराच्या लक्षात यायला फार वेळ लागत नाही. मग ‘पप्पा, तुम्ही तिथंच थांबा’ असं फर्मान सुटतं, राक्षसाचा पंजा भिंतीवर उतरतो, पप्पांचा कान पकडतो आणि पप्पा, ज्यांनी मघाशी ‘चल, उशीर होतोय’ म्हटलं होतं, ते कान सोडवायला वाकायला लागतात. घरातलं उच्च-नीच दोन मिनिटांसाठी उलटं होतं. प्रेक्षकांचा खेळ जिथे रंगतो तिथे असं काहीतरी उलटंपालटं होतच असतं.

जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडी भिंती प्रकाश गिळतात, त्यावर थेट सावली खुलत नाही, म्हणून मांजरपाट. कापडाच्या खालच्या कडेत बांबू ओवा, नाहीतर वाऱ्यानं सगळे डोलत राहतील.

आणि एक पर्याय, जो मला स्वतःला जास्त आवडतो: दिवे आणि खेळणारे कापडाच्या मागे, बघे पुढे. पुढच्यांना माणूस दिसत नाही, नुसती सावली दिसते. चारचौघांत हात वर करायला लाजणाऱ्या बायका, निवृत्त शिक्षक, नव्यानं लग्न झालेली जोडपी कापडामागे गेली की अशी काही सुटतात की बाहेर उभे असलेले नातेवाईक ‘ही आपली वहिनी आहे?’ म्हणून बघत राहतात. यात तोटा एकच. बघ्याला खेळणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्याला मागे जायची वाट ठळक दिसली पाहिजे. कनात एका बाजूनं उघडी ठेवा आणि तिथे थोडा उजेड सांडू द्या.

पायरी चौथी: पहिला माणूस

उद्घाटन, फीत, नारळ, पाहुण्यांचं भाषण हे सगळं करायचंच असेल तर दुपारी उरकून घ्या. भाषण ऐकलेली गर्दी प्रेक्षक बनून जाते आणि पुढचा तासभर प्रेक्षकच राहते.

संध्याकाळी दिवे लावा आणि कोणालाही बोलवू नका. तुमच्या गटातली दोन पोरं किंवा पोरी तिथे नुसत्या खेळतील, आपसात. चांगलं खेळून दाखवायचं नाही. नाचता येणारी मुलगी तिथे नाचली तर लोक टाळ्या वाजवतील, पण पुढे कोणी येणार नाही. वेडंवाकडं, फसणारं खेळायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल, ‘एवढं तर मलाही जमेल.’ कोणी जवळ आलं की तुमच्या पोरांनी हळूच बाजूला व्हायचं.

कार्यकर्त्यांना समजावून सांगायची फार खाज असते. एखाद्या काकूंनी विचारलं, ‘काय आहे रे हे?’ तर उत्तर ‘हे एक इंटरॲक्टिव्ह मांडणशिल्प असून...’ असं सुरू झालं की काकू गेल्या. ‘काकू, जरा इथून जा ना भिंतीपुढून. पिशवी द्या माझ्याकडे.’ पिशवी हातातून घेणं महत्त्वाचं. दोन्ही हात भरलेला माणूस खेळत नाही, आणि संध्याकाळी भाजी घेऊन निघालेला प्रत्येक नाशिककर दोन्ही हात भरलेला असतो. एक टेबल ठेवा, त्यावर पिशव्या आणि हेल्मेट.

मुलं आधी येतील, ती येऊ द्या. पण तासभर मुलंच राहिली तर मोठे ‘हे लहान मुलांचं आहे’ असं ठरवून टाकतील. तेव्हा दिवे थोडे मागे सरकवा. खेळायची जागा लांबते, मोठ्या माणसांना आत शिरायला वाव होतो.

पायरी पाचवी: तुमच्या मनात नव्हतं ते घडेल

राफाएल लोझानो-हेमर या कलावंतानं २००१ मध्ये रॉटरडॅमच्या एका चौकात ‘बॉडी मूव्हीज’ मांडलं. इमारतीवर रस्त्यांवरच्या माणसांची छायाचित्रं पडत होती, पण जमिनीवरच्या प्रखर दिव्यांनी ती पुसून टाकली होती. चालणाऱ्याची सावली पडेल तेवढ्याच भागात छायाचित्र उमटायचं. सावल्या दोन मीटरपासून पंचवीस मीटरपर्यंत वाढत. कल्पना अशी की लोक सावलीतून ती चित्रं शोधतील. लोक रमले ते सावल्यांतच: मोठी सावली लहानीला चिरडतेय, गिळतेय, अनोळखी माणसं एकमेकांशी लुटुपुटुची मारामारी करताहेत. कलाकृती फसली असं कोणी म्हटलं नाही.

ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात ‘वेदर प्रोजेक्ट’चा पिवळा सूर्य टांगला आणि छताला आरसे लावले. लोक जमिनीवर उताणे पडून वर आपलं प्रतिबिंब शोधू लागले, गट करून अंगांचे आकार आणि अक्षरं बनवू लागले. सूर्य राहिला बाजूलाच.

पण खेळ अंगावरही येतो. रॉबर्ट मॉरिस यांनी १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत चढायला, तोल सांभाळायला, ढकलायला लाकडी फळ्या आणि गोळे ठेवले. लोक असे तुटून पडले की मोडतोड आणि दुखापतींमुळे प्रदर्शन काही दिवसांतच बंद करावं लागलं. २००९ मध्ये तेच काम जास्त सुरक्षित बांधणीनं पुन्हा उभं राहिलं. आय वेवे यांच्या २०१० च्या चिनीमातीच्या सूर्यफूल-बियांवर लोकांनी चालावं असं ठरलं होतं. दहा कोटी बिया होत्या. चालण्यानं धूळ उडते आणि ती आरोग्याला बरी नाही असं लक्षात आल्यावर दोरी लागली.

म्हणून मांडणी आखताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: हे माझ्या मनासारखं वापरलं जाईल का, आणि हे कसंही वापरलं तरी कोणाला लागेल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर आनंदानं सोडून द्या. दुसऱ्याचं मात्र ‘नाही’च यायला हवं. नाशिकच्या गर्दीत एक कसोटी पुरते: चौथीतली दहा पोरं एकदम लटकली तर काय होईल? कापडाला लटकतीलच. म्हणून वरचा बांबू झाडाला किंवा पक्क्या खांबाला बांधा, मोकळ्या स्टँडवर नको.

मोबाइलबद्दल

फोटो काढणाऱ्यांवर वैतागू नका. आपल्याकडे मोबाइल हा खेळात शिरायचा परवाना आहे. ‘मी खेळत नाहीये, फोटोसाठी करतोय’ असं म्हणून भलेभले हात पसरून उभे राहतात. फक्त फ्लॅश सावली खाऊन टाकतो, तेवढं आपल्या माणसांनी प्रेमानं सांगावं.

वीज नकोच असेल तर

यायोई कुसामा यांनी २००२ मध्ये ब्रिस्बेनमध्ये मुलांसाठी पूर्ण पांढरी खोली केली, आणि आलेल्यांना रंगीत गोल स्टिकर वाटले. टेबल, खुर्ची, भिंती सगळं हळूहळू ठिपक्यांत बुडालं. आपल्याकडे भंगारातली सायकल किंवा खुर्ची पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवा आणि मेन रोडवरून टिकल्यांची पाकिटं आणा. प्रत्येकी पाचच टिकल्या द्या. मोजकं मिळालं की माणूस जागा शोधतो, मूठभर मिळालं की ओततो. सुरुवातीच्या वीसेक टिकल्या आपणच लावून ठेवा, कोऱ्या पांढऱ्यावर पहिलं बोट कोणी ठेवत नाही.

परवानग्या, वीज आणि नदी

महापालिकेच्या जागेसाठी विभागीय कार्यालयात अर्ज करा, एक प्रत पोलिस ठाण्याला द्या. आवाज वापरणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. अर्जात ‘मांडणशिल्प’ लिहाल तर समोरचा गोंधळेल. ‘कापडी पडदा आणि दोन लहान एलईडी दिवे’ लिहा, सही लवकर होते.

वीज जवळच्या दुकानातून ओढू नका. इलेक्ट्रिशियनकडून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी कळ) लावलेला बोर्ड घ्या, वायर लोकांच्या पायवाटेतून न नेता वरून न्या किंवा रबरी पट्टीखाली झाका.

घाटावर पावसाळ्यात काहीही कायम ठेवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे बघत आपण पूर मोजतो, आणि तोवर तुमचे दिवे कुठे गेले असतील ते सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. अंधार लवकर पडतो, थंडीनं लोक हातपाय हलवायला तयारच असतात. मात्र नऊनंतर घाटावर कोणी थांबत नाही, म्हणून साडेसहाला दिवे लागलेच पाहिजेत.

वही

गटातल्या एकानं खेळायचं नाही, कट्ट्यावर बसून लिहायचं. किती लोक आले हा आकडा वर्तमानपत्राला द्यायला ठीक आहे, आपल्याला त्याचा उपयोग कमी. लिहा ते असं: बघणारा पहिलं पाऊल टाकायला किती वेळ थांबला, तेव्हा आत कोण होतं, एकटा आला की कोणाला ओढत घेऊन आला, अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली का, आणि गेलेला माणूस घरच्यांना घेऊन परत आला का. परत येणारे दिसले की समजा जमलं. लोक एका ठरावीक ठिकाणी अडखळून परत फिरत असतील, तर जाऊन तिथे उभे राहा आणि त्यांना काय दिसतं ते बघा. बहुधा डोळ्यांवर येणारा दिवा असतो, नाहीतर तिथे तुमचाच कार्यकर्ता ओळखपत्र लटकवून दारवानासारखा उभा असतो. त्याला चहा आणायला पाठवा.

दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदला. दोन बदललात तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आणि शेवटच्या रात्री झाडाला बांधलेली सुतळी कापून न्या, टेपचे तुकडे वेचा, पारावरची मेणचट बोटं पुसा. पुढच्या हिवाळ्यात सही घ्यायला पुन्हा त्याच टेबलापुढे उभं राहायचं आहे.